खिडकीखालची घंटी

प्रमिलाताई गेली हे मला मार्केट यार्डात, लसणाच्या ढिगापाशी बसलेली असताना कळलं. आम्ही दोघी तिथं एकाच गाळ्यावर कांदा-लसूण निवडायला जायचो. ती आठला यायची, त्या दिवशी आली नव्हती. मी मान खाली घालून पाकळ्या सोडवत होते, कारण ती आली की माझ्याकडे बघणार आणि मला तिच्याकडे बघावं लागणार, याचीच मला धास्ती होती. थोड्या वेळानं मुकादम आला आणि म्हणाला, "रंजना, आपली प्रमिला... उतारावर ट्रकनं उडवलं तिला." मी विचारलं, "कुठं?" लागलंय का, दवाखान्यात नेलंय का, यातलं काही विचारायच्या आधी मी कुठं ते विचारलं. तो म्हणाला, "कठडा संपतो ना, तिथंच." हातातला गड्डा हातातच राहिला. तो कठडा तिथंच का संपतो, हे त्या गाळ्यावर आता फक्त मला माहीत होतं.

आता दीड महिना झाला. हे मी कुणाला दाखवायला लिहीत नाही. माझं शिक्षण चौथी, आणि चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पण तिनं आणून दिलेले कोरे कागद घरात उरलेत, आणि त्यांच्यावर दुसरं काय लिहावं ते सुचत नाही.

आम्ही कात्रजच्या बाजूला राहतो, रस्त्यालगतच्या चाळीत, वरच्या मजल्यावर. ती मागच्या गल्लीत राहायची. मला सायकल तिनंच शिकवली, मी दोन पोरींची आई झाल्यावर. मी म्हणायचे, लोक हसतील. ती म्हणायची, "हसू दे. हसणाऱ्यानं ब्रेक तरी मारलेला असतो." रोज सकाळी खिडकीखाली येऊन ती घंटी दोनदा वाजवायची. हाक कधी मारली नाही, कारण आमचे हे टेम्पो चालवतात, माल घेऊन रात्रभर गाडीवर असतात आणि सकाळी झोपलेले असतात. मी खाली आले की निघायचो. ती नेहमी रस्त्याच्या बाजूनं चालवायची आणि मला आत ठेवायची. मी एकदा म्हटलं, आज मी बाहेरून येते. तर म्हणाली, "तू दचकतेस. दचकणाऱ्यानं आतच राहावं."

आमच्या रस्त्याला सायकलींसाठी हिरवी पट्टी मारलेली होती. नुसता रंग. तिच्यावर रिक्षा उभ्या, दुकानांचे फलक उभे, भाजीच्या गाड्या उभ्या. दर थोड्या अंतरावर पट्टी सोडून मोठ्या रस्त्यावर उतरायचं, मागून येणारा ट्रक कानानंच ओळखायचा आणि परत आत शिरायचं. प्रमिलाताई म्हणायची, "ही पट्टी म्हणजे नवऱ्यानं दिलेलं वचन. दिसायला छान, अडवत कुणाला नाही." तिचं मागणं एवढंच होतं की रंगाच्या जागी गुडघ्याएवढा सिमेंटचा कठडा घाला, म्हणजे गाडी आत येणारच नाही. सोसायट्यांचे वॉचमन, पेपर टाकणारे, शाळेत सायकलनं जाणाऱ्या पोरींचे आईबाप, असे कितीतरी लोक तिनं गोळा केले होते. एक दुकानदार तिला म्हणाला, "बाई, एवढी भीती वाटते तर बसनं जावं." ती म्हणाली, "बस रोजच भेटते हो भाऊ. कोपराला घासून जाते."

मी कधी कुठल्या कचेरीत गेले नाही. मी चिठ्ठ्या लिहायचे. छापील कागद लोक फाडतात, हातानं लिहिलेला वाचतात, असं तिचं म्हणणं. "तुझं अक्षर बघून कुणाला राग येणार नाही," म्हणायची. मी लिहायचे, 'दादा, ही वाट सायकलीची आहे. तुमच्या गाडीमुळं आम्हाला ट्रकपुढं जावं लागतं. तुमची शेजारीण.' मैद्याची खळ शिजवून तिच्या डब्यात भरून द्यायचे. पट्टीवर उभ्या गाड्यांच्या काचांवर ती चिठ्ठ्या चिकटवत जायची. एक गाडी मात्र ती सोडायची. ती कुणाची, हे आम्ही दोघी कधी बोललो नाही.

आमचा टेम्पो पट्टीवरच उभा असायचा, बरोबर खिडकीखाली. पूर्वी लांब लावायचे तेव्हा एकदा बॅटरी चोरीला गेली होती. तेव्हापासून यांना गाडी डोळ्यांसमोर लागायची. यांचंही चूक नव्हतं. रात्रभर गाडी हाणून आलेला माणूस, त्याला निदान गाडीची काळजी न करता झोपता यावं.

मग कठडा मंजूर झाला. कचेरीतले साहेब पाहणीला येणार, जिथं पट्टी मोकळी सापडेल तिथं आखणी होणार, गाडी उभी असेल तिथं ती सोडून देणार, असं ठरलं. आदल्या दिवशी प्रत्येक गाडीला 'उद्या इथं लावू नका' अशी चिठ्ठी लावायची होती, आणि या वेळी एकही सोडून चालणार नव्हती. आमच्या टेम्पोलाही लागली. यांनी ती काचेवरून सोलून घरात आणली. ताटाशेजारी ठेवली आणि जेवायला बसले. "शेजारीण म्हणे," हे म्हणाले. "बरीच जवळची शेजारीण दिसते. पोळ्या पण हीच करते." मी वाढत राहिले. "उद्या गाडी कुठं लावू, ते नाही लिहिलं शेजारणीनं?" यांनी चिठ्ठी चुरगाळली नाही, फाडली नाही. घडी करून खिशात ठेवली आणि रात्रीच्या फेरीला गेले.

सकाळी हे आले, टेम्पो रोजच्या जागी लावला, किल्ली खिळ्याला अडकवली आणि झोपले. थोड्या वेळानं घंटी वाजली, दोनदा. मी खिडकीत गेले. खाली सगळी पट्टी मोकळी होती, चौकापर्यंत. रिक्षा नव्हत्या, फलक नव्हते. मी तो रस्ता तसा कधी पाहिला नव्हता. मधे फक्त आमचा टेम्पो. प्रमिलाताई वर बघत होती. हळू आवाजात म्हणाली, "रंजू, भाऊजींना उठव गं. पाच मिनिटांचं काम आहे." मी मान हलवली आणि आत आले. किल्ली काढून हातात घेतली. यांच्या उशाशी उभी राहिले. तोंडावर हात घेऊन झोपले होते, पायातले मोजेसुद्धा काढले नव्हते... दमून झोपलेल्या माणसाला उठवू नये, असं लहानपणापासून ऐकत आले होते. मी उभीच राहिले. खाली माणसांचे आवाज आले, टेप ओढल्याचा आवाज आला. कुणीतरी म्हणालं, "ही कुणाची आहे?" प्रमिलाताईचा आवाज आला नाही. तिनं नाव सांगितलं नाही. चुन्याची रेघ टेम्पोपाशी येऊन थांबली आणि टेम्पोच्या पुढंही ओढली गेली नाही. पुढं उतार आहे, तिथलं नंतर बघू, म्हणाले साहेब.

मी त्यानंतर बसनं जायला लागले. गाळ्यावर दुसऱ्या टोकाला बसायचे. ती मला काही म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. रोज सकाळी मात्र खिडकीखाली घंटी वाजायची, दोनदा. मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहायचे, ती जाईपर्यंत. खाली कठड्याचं काम चाललं होतं. तो आमच्या खिडकीपर्यंत आला आणि संपला. ती गेली त्या दिवशीही घंटी वाजली होती. दोन वेळा वाजली, मग जराशानं तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा ती कधी वाजवत नसे. मी गेले नाही. मागच्या जिन्यानं उतरून गल्लीतूनच बसला निघून गेले.

आमचा टेम्पो त्या सकाळी तिथं नव्हता. हे नाशिकहून यायचे होते. मोकळी जागा बघून दुसऱ्याच कुणीतरी गाडी लावली होती, ती चुकवायला प्रमिलाताई बाहेर आली. हे मी स्वतःला किती वेळा सांगितलं असेल. पण त्यानं काही होत नाही.

प्रमिलाताईच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला आम्ही दोघं गेलो. तिच्या मुलीनं माझा हात धरला आणि म्हणाली, "मावशी, आई म्हणायची, रंजू येईल परत, तिला वेळ लागतो." घरी येताना हे जिन्यात थांबले. माझ्याकडे न बघता म्हणाले, "उठवायचं होतंस मला त्या दिवशी. मी काढली असती गाडी." खिशातून ती चिठ्ठी काढली, घडीवर झिजलेली. मी म्हटलं, "तुम्ही चिडला होतात." "चिडलो होतो," हे म्हणाले. "पण काढली असती." मग वर गेले. त्याच आठवड्यात तिच्या मुलीनं मोडक्या सायकलची घंटी माझ्याकडे पाठवली. तेवढीच धड राहिली होती. यांनी ती माझ्या हँडलला बसवून दिली.

साहेब परत येणार असं कळलं, राहिलेल्या तुकड्यासाठी. मी चिठ्ठ्या लिहिल्या, खळ शिजवली आणि या वेळी उजेडात, लोकांच्या देखत, स्वतः चिकटवत गेले. पहिली आमच्या टेम्पोला. खळ बोटांवरून ओघळत होती. काल सकाळी हे फेरीवरून आले, सवयीनं तिथंच गाडी लावली, वर येऊन आडवे झाले. मी किल्ली घेऊन उशाशी गेले. परत तेच... मोजे पायातच होते. मी खांदा हलवला. "अहो, उठा. गाडी काढा." हे उठले. किल्ली घेऊन, चप्पल न घालता खाली गेले.

मी मागून सायकल घेऊन उतरले. टेम्पो निघून गेला होता. बाकीची पट्टी घासून भुरकी पडली होती, पण टेम्पोच्या खालचा तेवढा चौकोन नव्यासारखा हिरवा होता. तिथून इतक्या दिवसांत कुणाला जाताच आलं नव्हतं. साहेब टेप घेऊन कठड्यापाशी उभे होते. म्हणाले, "इथून सायकलवाले जातात तरी का?" माझ्या शेजारी कुणी नव्हतं. मी म्हटलं, "मी जाते." मग सायकल त्या हिरव्या चौकोनावर घेतली आणि घंटी वाजवली, दोनदा.