जावयाचा आहेर

आमच्याकडं ऑपरेशन झालेल्या लेकीला माहेरून साडीचोळी आणि डिंकाचे लाडू येतात. मुलं थांबवायचं ऑपरेशन बाईचंच असणार, हे इतकं ठरलेलं की कुणाचं म्हणून कुणी विचारतही नाही. आमच्या घरात घोळ झाला तो त्यामुळंच.

दुसऱ्या बाळंतपणात मी मरता मरता वाचले होते. तिसरं नको, यावर आम्हा नवराबायकोचं एकमत होतं. पण अंगात रक्त कमी, त्यामुळं ऑपरेशनची मला धास्ती वाटायची. हदगावच्या दवाखान्यातली नर्स फटकळ. ती म्हणाली, "एकटीला काय सांगू? मालकाला घेऊन या. संसार दोघांचाय."

हे आले आणि खुर्चीच्या टोकावर बसले. तिनं पुरुषाची नसबंदी समजावून सांगितली. त्याच दिवशी घरी जाता येतं, ताकद कमी होत नाही, काही दिवस जड उचलायचं नाही आणि पुढची तपासणी होईपर्यंत दुसरं साधन वापरायचं. ह्यांनी मान खाली घालून सगळं ऐकलं. बाहेर चहाच्या गाड्यावर आल्यावर म्हणाले, "तू दोनदा मरणाच्या दारातून आलीस. आता माझी पाळी." मी भर रस्त्यात रडले आणि मला त्याची लाज वाटली नाही.

घरी आम्ही 'ऑपरेशनला जातो' एवढंच सांगितलं. सासूबाईंनी माझ्यासाठी बाजेवर गोधडी अंथरली आणि जळकोटला माझ्या वडिलांना फोनही केला. रिक्षातून पिशवी घेऊन मी टुणकन उतरले. माझ्यामागून हे हळूहळू, पाय जपत.

"तू कामून असा चालून राहिलास रे?"

"ऑपरेशन माझं झालंय, आई."

सासूबाई बाजेकडं बघत राहिल्या. मग माझ्याकडं बघितलं आणि आत गेल्या. मी त्यांच्या पोराला कामातून घालवलं, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. ह्यांना मात्र एकच घोर लागला. "मामा काय म्हणतील गं?" माझे वडील जिभेचे तिखट. त्यांनी एखाद्याला बायल्या म्हटलं, की ते नाव त्या माणसाला जन्मभर चिकटायचं.

दुसऱ्या दिवशी वडील साडी-लाडवांची पिशवी घेऊन आले. बघतात तर जावई बाजेवर आणि लेक भांडी घासतेय. मीच पदर खोचून सांगून टाकलं. म्हटलं, काय बोलायचं ते मला बोला. त्यांनी पिशवी ठेवली, चपला घातल्या आणि निघून गेले. ह्यांनी भिंतीकडं तोंड केलं.

तासाभरानं ते परत आले, हातात नवाकोरा टॉवेल आणि टोपी. ह्यांना बाजेवरच टिळा लावला, टोपी घातली आणि लाडवांचा डबा मांडीवर ठेवला.

"ज्याचं ऑपरेशन, त्याचा आहेर," म्हणाले. मग सासूबाईंकडं वळले. "ईनबाई, हिच्या मायचं ऑपरेशन झालं तवा मी तिला आठ दिसांत कापूस येचायला लावलतं. टाके पिकले तिचे. मला तवा कळलं न्हाई. ह्या पोराला कळतंय."

बापाचा आवाज फुटलेला मी पहिल्यांदा ऐकला. सासूबाई आत गेल्या आणि ह्यांच्यासाठी अजून एक उशी घेऊन आल्या.

शेतात हरभऱ्याला पाणी चालू होतं. स्प्रिंकलरचे पाईप बदलायला हे उठू लागले, तसं वडिलांनी अडवलं.

"निजा, पाव्हणं. जड उचलायचं न्हाई."

मुलीच्या बापानं व्याह्याच्या घरी लोडाला टेकून मान घ्यायचा असतो. माझा बाप मात्र धोतर खोचून जावयाच्या शेतात पाईप उचलत राहिला, ते थेट हे उभे राहीपर्यंत. मी भाकरी घेऊन जायची तेव्हा बांधावरून कुणी ना कुणी विचारायचंच, पाव्हणं, तुम्ही कसे काय? मग बाप पाईप खाली ठेवायचा आणि चार शेतं पलीकडं ऐकू जाईल असं सांगायचा, "आमच्या जावयाचं ऑपरेशन झालंय. लेकीचं न्हाई. जावयाचं."