श्रीरंग भाऊजींची पांढरी चार

माझ्या बहिणीच्या नवऱ्याने आयुष्यात एकाच माणसाचं वाटोळं केलं, आणि तेही त्याला वाचवायला जाऊन. श्रीरंग घाणेकर त्यांचं नाव. मी त्यांना भाऊजी म्हणते. इतक्या वर्षांनीही मला त्यांचा राग येतो, आणि राग आला की पाठोपाठ डोळे भरून येतात, म्हणून एकदाचं लिहून टाकते.

भाऊजी मूळचे कुरुंदवाडचे. त्यांचे मामा कीर्तनकार, आणि वयाच्या अकराव्या वर्षापासून मामांच्या साथीला पेटीवर हे. पुढे कापड रंगवण्याचं शास्त्र शिकले, माझ्या लताताईशी लग्न केलं आणि १९७४ साली नॉर्थ कॅरोलायनातल्या हार्लो नावाच्या गावी, गिरणीच्या रंगखात्यात इंजिनिअर म्हणून येऊन पडले. गावात एक गिरणी, नऊ चर्च आणि लाकडी बाकांचं एक बेसबॉलचं मैदान. मराठी माणसं म्हणाल तर हे दोघंच. १९८३ मध्ये मी तासाभरावरच्या शार्लटला शिकायला आले आणि दर शनिवारी ताईकडे आमटीभातासाठी धडकू लागले, तेव्हा आम्ही तीन झालो.

मी येईपर्यंत भाऊजी गावात प्रसिद्ध झाले होते. झालं असं, की मैदानावर एक इलेक्ट्रिक ऑर्गन होता. बेसबॉलमध्ये खेळण्यापेक्षा थांबणं जास्त, आणि थांबलेल्या लोकांना कानाला काहीतरी लागतं. ऑर्गन वाजवणाऱ्या बाई मुलाकडे राहायला गेल्या आणि गिरणीतल्या कुणीतरी सांगितलं, रंगखात्यातला तो इंडियन वाजवतो. पहिल्याच सामन्यात या पठ्ठ्याने मामांच्या कीर्तनातला गजर दुप्पट लयीत वाजवला. लोकांनी टाळ्यांचा ठेका धरला. लुइझियानाकडचं काहीतरी असावं, असा सगळ्यांचा समज झाला.

पण गजरावर किती दिवस भागणार? त्या लोकांना कंट्री, म्हणजे तिकडची गावाकडची गाणी, हवी असत. भाऊजींनी मग त्यांचा असा अभ्यास केला, की ताई म्हणाली, एवढा परीक्षेचा केला असता तर गोल्ड मेडल मिळालं असतं. रंगखात्यात दिवसभर रेडिओ. हळूहळू त्यांना बाकं ओळखू येऊ लागली. मैदानाच्या उजव्या अंगाला, पहिल्या बेसच्या बाजूला, गिरणीची माणसं बसत, त्यांना फिडलवालं, नवरा-बायको-दारूचं जुनं रडगाणं लागे. डाव्या अंगाला, तिसऱ्या बेसच्या बाजूला, बँकेतली, विम्याची माणसं. त्यांना तेच दुःख इस्त्री करून हवं असे. खेळाडू आपापल्या आवडीचं गाणं चिठ्ठीवर लिहून देत. निम्म्या खेळाडूंकडे गिटार असायची आणि त्या सगळ्यांना वाटायचं, हात गेला तरी गळा आहेच. त्यांनी गायला सुरुवात केली की लोक टाळ्या वाजवत, पण त्या गाण्याला नसत. कुठल्यातरी उन्हाळ्यात त्यांनी मारलेल्या चेंडूची ती आठवण असे.

डॅरेल टीग त्यातलाच एक, आणि नव्हेही. हार्लोचाच मुलगा. पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. मोठ्या लीगमध्ये अकरा सामने खेळला, बाराव्याला कोपर गेलं. दोन ऑपरेशनं झाली, मग गिरणीच्या गोदामात गठ्ठे उचलणारी फोर्कलिफ्ट चालवायचा. चौतिसाव्या वर्षी म्हाताऱ्या आईजवळ राहणारा, मोजकं बोलणारा, मान खाली घालून चालणारा माणूस. पण गायला लागला की मान वर व्हायची. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी ताटातला घास तसाच ठेवून गॅरेजच्या दारात जाऊन उभी राहिले होते.

कारण तालीम ताईच्या गॅरेजमध्ये चाले. आठवड्यातून तीन संध्याकाळी डॅरेल गिटार घेऊन यायचा आणि भाऊजी त्याच्याकडून आधी वीस मिनिटं नुसता खर्ज लावून घ्यायचे. तंबाखूचा बार गालात धरणारा तो सहा फुटी गडी डोळे मिटून ‘सा’ लावतोय, हे दृश्य बघून मी हसून हसून बेजार व्हायची. भाऊजींनी त्याला पेटीचे स्वरही आपल्या पद्धतीने मोजायला शिकवले. इंग्रजीत जी म्हणतात त्याला पांढरी पाच, त्याखालच्या एफला पांढरी चार. डॅरेलला ते फार आवडलं. दारातून आत येतानाच ओरडायचा, “श्री, व्हाइट फाइव्ह!” आणि गिटार जुळवायला बसायचा. दोन वर्षं हे चाललं. दोघांनाही दुसरा मित्र नव्हता, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

१९८५ च्या मार्चमध्ये गिरणीने जाहीर केलं, ऑगस्टअखेर बंद. भाऊजींकडे डिग्री होती, त्यांना कुठेतरी नोकरी मिळाली असती. डॅरेलकडे काय होतं? मेलेला हात आणि त्याने स्वतः केलेलं एक गाणं. गाणं पहाटेच्या पाळीला जाणाऱ्या आईबद्दल होतं, साधंच, पण तिसऱ्या ओळीला आवाज एकदम वर चढायचा आणि तिथे अंगावर काटा यायचा. एका जुन्या सहखेळाडूच्या ओळखीने नॅशव्हिलच्या रेकॉर्ड कंपनीचा एक माणूस चार जुलैला हार्लोला यायला कबूल झाला. सुट्टीचा दिवस, एका तिकिटात दोन सामने, आणि मधल्या वेळेत डॅरेलने मैदानावर उभं राहून गायचं. बँड नाही, त्याची गिटार आणि भाऊजींचा ऑर्गन, बस्स. आवडलं तर करार, नाही तर संपलं. डॅरेलने ताईसमोर अगदी शांतपणे सांगितलं, “लता, हे नाही झालं तर मला पुढचं काही दिसत नाही.” ताईने त्या रात्री देवापुढे वात लावली, आणि ती काही रोज लावणारी नव्हे.

आता खरी गोष्ट सांगते. ते गाणं डॅरेलने पांढरी पाचमध्ये बसवलं होतं, आणि ती पट्टी त्याच्या गळ्याला किंचित उंच होती. ताजा असला की ती वरची जागा लागायची, दमला की नाही. पांढरी चार ही त्याची खरी पट्टी, हे भाऊजींना मार्चमध्येच कळलं होतं. आणि ते बोलले नाहीत! कारण काय, तर पट्टी गवयाने सांगायची, साथीदाराने नाही. कुरुंदवाडची रीत. कीर्तनात मामांचा घसा बसला, की गजराच्या गलक्यात हे हळूच पेटीची पट्टी उतरवायचे, मामा एका क्षणात ओळखायचे आणि खालच्या सुरात शिरायचे. समोरच्या दोनशे माणसांना पत्ता लागत नसे. कीर्तन संपल्यावर मामा पाठीवर थाप मारायचे. आधी बोलून गायकाचा अपमान करायचा नाही, ऐनवेळी सावरून घ्यायचं. भाऊजींच्या लेखी ही साथ होती आणि हेच प्रेम होतं.

चार जुलैला उन्हाने डोकं फुटत होतं. मी बाकांच्या वरच्या ऑर्गनच्या खोलीत भाऊजींच्या शेजारी चहाचा थर्मास घेऊन बसले होते. पहिला सामना सुरू होण्याआधी संघाच्या मालकांनी मानाचा पहिला चेंडू डॅरेलला टाकायला लावला. हलकेच टाकायचा असतो तो. याने जीव खाऊन टाकला. चार हजार माणसं उभी राहून ओरडली आणि याने कोपर पोटाशी धरलं. मग अडीच तास गावातल्या लोकांनी त्याला उन्हात उभं करून सह्या घेतल्या, गप्पा मारल्या, पाठीवर थापट्या मारल्या. तो प्रत्येकाशी बोलत राहिला. मला वरूनसुद्धा दिसत होतं, की त्याला ते हवं होतं.

मधल्या वेळेत तो होम प्लेटपाशी, म्हणजे फलंदाज उभा राहतो तिथे, मायक्रोफोनसमोर आला. पहिलं कडवं छान गेलं. पहिल्या बेसच्या बाकांवर बाया डोळे पुसत होत्या. तिसऱ्या ओळीला आवाज वर चढला, टोकाला फाटला, आणि त्याने कसाबसा ओढून नेला. नॅशव्हिलचा माणूस मालकांच्या खुर्चीशेजारी बसला होता. त्याने घड्याळ पाहिलं नाही, काही नाही, नुसता पुढे झुकला.

“दुसऱ्या कडव्यात जाणार नाही आवाज,” भाऊजी पुटपुटले.

“मग?” मी विचारलं.

कडव्यांच्या मधल्या तुकड्यात त्यांची बोटं सरकली आणि त्यांनी पट्टी पाचवरून चारवर आणली. इतक्या सफाईने, की मला वाटलं गाण्यातच तसं आहे. त्यांच्या चेहऱ्यावर मी एक मऊ हसू पाहिलं. ते हसू मी विसरू शकत नाही.

पण डॅरेल म्हणजे मामा नव्हे. त्याच्या गळ्यात गिटार होती, आणि त्याची बोटं दोन वर्षं एकाच जागी बसलेली. तो पाचमध्येच शिरला. गिटार पाचमध्ये, ऑर्गन चारमध्ये, आणि दोन्ही सहा भोंग्यांमधून अख्ख्या मैदानावर. भाऊजी दचकले आणि झटकन पाचवर परत आले. नेमकं त्याच क्षणी डॅरेलला उमगलं, की श्री आपल्यासाठी खाली गेलाय. तो चारला उतरला. दोघंही एकमेकांकडे धावले आणि पुन्हा चुकले. डॅरेल थांबला. त्याने वर आमच्या खिडकीकडे पाहिलं. कुणीतरी शिट्टी मारली, तिसऱ्या बेसकडून हसू आलं, आणि मग लहान मुलं ओरडू लागली, “प्ले बॉल! प्ले बॉल!” त्यांना दुसरा सामना हवा होता. डॅरेल मायक्रोफोनला “थँक यू” म्हणाला आणि निघून गेला. दुसऱ्या सामन्याचा पहिला चेंडू पडायच्या आत नॅशव्हिलची गाडी गेलेली होती.

थोड्या वेळाने तो जिना चढून वर आला. मला वाटलं, मारतो आता. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“श्री, तू खाली का गेलास?”

“तुझा घसा बसला होता,” भाऊजी म्हणाले. “आमच्याकडे गायक दमला की आम्ही त्याच्यापाशी खाली येतो.”

“मला आधी सांगायचं.”

“साथीदार सांगत नाही, डॅरेल.”

“पण तुला माहीत होतं? ती पट्टी मला उंच आहे, हे कधीपासून माहीत होतं?”

भाऊजी खोटं बोलू शकले असते. “मार्चपासून,” ते म्हणाले.

डॅरेल मैदानाकडे वळला. “पिचरच्या जागेपासून प्लेट साठ फूट सहा इंचांवर असते,” तो म्हणाला. “माझा हात मेला, तेव्हा दया येऊन कुणी ती चार फूट पुढे सरकवली असती, तर मी एक चेंडू नीट टाकू शकलो नसतो. माझ्या हाताला एकच अंतर ठाऊक होतं. पण मार्चमध्ये कुणी सांगितलं असतं ना, की आता इथून टाक, तर मी जुलैपर्यंत शिकलो असतो.” मग त्याने टोपी घातली आणि जिना उतरून गेला. भाऊजींनी दुसऱ्या सामन्यात सगळ्यांची सगळी गाणी वाजवली. एकही चुकलं नाही.

गाडीत मी त्यांना नाही नाही ते बोलले. “भाऊजी, काय हा तुमचा मोठेपणा! त्याचा मान राखायला गेलात आणि त्याला मातीत घातलंत.” ताई मागच्या सीटवरून म्हणाली, “सुलेखा, इनफ. आता पुरे कर.” भाऊजी गाडी चालवत होते. रस्ता सरळ होता, तरी ते दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून बसले होते.

डॅरेल पुन्हा गॅरेजमध्ये आला नाही. भाऊजी तीनदा त्याच्या दारात गेले, तीनही वेळा त्याची आई म्हणाली, झोपलाय. ऑगस्टअखेर गिरणी बंद पडली. भाऊजींना रालेजवळ मॉरिसव्हिलला नोकरी मिळाली आणि घर हललं. ताईने पेटी माळ्यावर टाकली, कारण ती खाली दिसली की भाऊजी जेवत नसत. मैदानावर आता कॅसेट लावतात, असं कुणीतरी कळवलं. ते त्यांनी दोनदा वाचलं आणि पत्र घडी करून ठेवलं.

१९८८ च्या जूनमध्ये मी कामानिमित्त हार्लोवरून जात होते. नदीकाठी तळलेल्या माशांचं एक हॉटेल आहे, तिथे पाच वाजता जेवायला थांबले. कोपऱ्यात डॅरेल टीग गात होता. केस पिकलेले, हॉटेलचं एप्रन अंगावर, म्हणजे तो तिथेच कामाला होता आणि मधे मधे गायचा. ऐकायला अकरा माणसं, तीही मासे खाण्यात गुंग. त्याने तेच गाणं घेतलं, आईच्या पाळीचं. तिसऱ्या ओळीपाशी मी खाली पाहिलं, बघवेना मला. आवाज वर गेला आणि सहज लागला. फाटला नाही, ओढावा लागला नाही. माझ्या अंगावर पुन्हा तोच काटा आला. एका माणसाने आणखी लिंबू मागितलं.

तो टेबलापाशी आला. मला वाटलं ओळखणार नाही. “लताची बहीण,” तो म्हणाला. “श्री कसा आहे?”

“बरे आहेत. वाजवत नाहीत आता.”

त्याने माझी रिकामी ताटली उचलली. जाता जाता म्हणाला, “त्याला सांग, मी आता व्हाइट फोरवर आहे.”

मी तशीच दोन तास गाडी चालवत मॉरिसव्हिलला गेले. भाऊजी अंगणात गाडी धूत होते. मी सगळं सांगितलं, एप्रन, अकरा माणसं, लिंबू, काही लपवलं नाही. माझ्या मनात राग होताच, तोही सांगितला. त्यांनी एकच विचारलं.

“वरची जागा लागली?”

“लागली, भाऊजी. अगदी सहज लागली.”

ते ओल्या गाडीचं दार उघडून आत बसले आणि काचा वर केल्या. खांदे हलताना मला दिसत होते. ताईने जेवायला दोनदा हाक मारली. मग तीही बाहेर आली, मला काही न विचारता पलीकडचं दार उघडलं आणि त्यांच्याजवळ जाऊन बसली.