तळहातावरचा रस्सा

जवळ्याचं, म्हणजे त्या बारीक सुक्या मासळीचं, कालवण चुलीवर असलं की आमची ही पळीतले चार थेंब माझ्या तळहातावर टाकते आणि माझ्या तोंडाकडे बघत उभी राहते. लग्नापासूनची रीत आहे. चव कळावी ती मलाच, असा माझा तोरा.

काल तापातून उठल्यावर पहिल्यांदा चाटलं. मीठ लागलं, आमसुलाचा आंबटपणा लागला. पण घोट गेल्यावर जिभेवर रेंगाळते ती सुक्या मासळीची चव कुठेच नव्हती. नातीने मागे सांगितलं होतं, त्या चवीला उमामी म्हणतात. जिभेवरच्या बारीक पेशींना तिच्यासाठी वेगळी दारं असतात. मासळीचा अर्क त्या दारात नेमका बसला की मेंदूला निरोप जातो. जुन्या पेशी मरतात, नव्या येतात. "म्हातारपणी उशिरा येतात हं, आजोबा." मी म्हणालो होतो, "चौथीच शिकलोय, पण जीभ मला शिकवू नकोस."

आता वाटलं, एकेक दार बंद होत चाललंय, आणि शेवटी आत मी एकटाच उरणार.

"कसं झालंय?" हिने विचारलं.

"झकास!" कबूल कोण करतो!

"अहो, जवळा अजून घातलाच नाही!" ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. "झकास म्हणे!"

मग तिने भाजलेला जवळा घातला, उकळी येऊ दिली आणि पुन्हा चार थेंब तळहातावर टाकले. ते निवले, तरी माझा हात तोंडाकडे जाईना. आताही ती चव लागली नाही तर?

"चाटा की," ती म्हणाली. आता ती हसत नव्हती.