बर्फ की खाण

आम्ही तिघं जमलो की कोणीतरी म्हणतंच, "तो किस्सा सांग ना." सांगायला बसलं की लक्षात येतं, यातल्या एकाही किश्शात आम्ही धड हसलेलो नाही. सगळे चिडल्याचेच!

तिघं म्हणजे मी, माजिवड्याचा ओंकार आणि कल्याणचा संदेश. एकच गेम खेळतो, तलवारी, जादू, ड्रॅगनवाला. मूळ गोष्ट संपली की तिला जोडायचे दोन नवे भाग वेगळे मिळतात. एकात बर्फाचं राज्य, दुसऱ्यात खाणीचं गाव. कुठला भारी, यावर वर्षभर वाद चाललाय.

*

ठाण्यातल्या एका दुकानात मी नवा कंट्रोलर घ्यायला गेलेले. सोबत ओंकार. दुकानदाराने त्यालाच विचारलं, "सर, काय खेळताय सध्या?"

"बर्फाचा भाग. तिसऱ्या किल्ल्यावर अडकलोय."

मी म्हटलं, "डाव्या बुरुजाखाली भुयार आहे, तिथून जा."

दुकानदार कौतुकाने हसला. "अरे वा सर, मॅडमना पण शिकवलंत तुम्ही."

कंट्रोलर न घेताच मी बाहेर पडले.

*

मग दोन्ही भागांची तुलना करणारा व्हिडिओ काढला. खेळले मी, लिहिलं मी. आवाज ओंकारचा, कारण "तुझा आवाज बारीक आहे गं."

खाली कमेंट्स: "भाऊ, काय अभ्यास आहे!" हा खुशाल सगळ्यांना थँक्यू म्हणत बसलेला. मी फोन केला.

"माझं नाव कुठंय?"

"शेवटी टाकलंय ना."

शेवटी होतं, 'विशेष आभार: प्रज्ञा, चहासाठी.'

"जोक होता गं," म्हणे.

चहासुद्धा त्या दिवशी त्याच्या आईने केलेला.

*

एकदा ओंकार म्हणाला, "खाणीत ड्रॅगनच नाही, नुसते कामगार बडबडतात." संदेशचा जीव खाणीवर. तो तडक व्हॉट्सॲप ग्रुप सोडून गेला. महिनाभर अबोला. शेवटी मी त्याला ओढत ओंकारच्या घरी नेलं. दोघं दोन भिंतींकडे तोंड करून बसले.

ओंकारच्या आईने विचारलं, "नक्की भांडण कशावरून?"

ओंकारने अर्धा तास समजावलं. राज्य, किल्ले, खाण, सगळं.

काकू म्हणाल्या, "म्हणजे खऱ्या जमिनीवरून नाही ना? मग पानं घेते, बसा."

*

परवा रविवारी दुपारी संदेशच्या घरी होते. खाणीचा शेवट चालू होता. राजाने खाण बंद केलीय, कामगार दारात बसलेत. एक तर त्यांच्या बाजूने उभं राहायचं, नाहीतर पुढाऱ्यांची नावं राजाला सांगायची. पहिल्या खेपेला संदेश कामगारांबरोबर राहिलेला. आता दुसरी बाजू बघायची होती.

मागे त्याचे बाबा पेपर वाचत होते. ते कामाला होते तो कारखाना बंद पडला तेव्हा संदेश शाळेत होता.

"काय करतोयस?" त्यांनी विचारलं.

"नावं सांगतोय, बाबा. राजा सोन्याची तलवार देतो."

बाबांनी पेपर मिटला. "आमच्या गेटवर पण बसलेले लोक. एकाने नावं दिलेली."

संदेशचा आवाज चढला. "कोण हरामखोर तो? काय मिळालं त्याला?"

"मुलाचं इंजिनिअरिंग झालं."

संदेशने कंट्रोलर खाली ठेवला. आमच्या तिघांत इंजिनिअर तो एकटाच.

"बाबा, कोणाच्या मुलाचं?"

बाबांनी पेपर परत उघडला.