डाव्या हाताचं सारवण

म्हशाच्या जत्रेत मी घोंगड्यांच्या दुकानापुढे उभा होतो. बायकोने, मार्थाने, सकाळी निघतानाच बजावलं होतं, "स्वस्त गावली म्हनून पातळ नका आनू." तेवढ्यात फोन वाजला. तिच्या धाकट्या भावाचा, पास्कूचा. पाळण्यांच्या भोंग्यांत काही ऐकू येईना, म्हणून मी दुकानांच्या मागे, बैलांच्या बाजाराकडे गेलो.

"भावजी, तुमी निघा."

"काय झालं?"

"मार्था... पट्टी सारवून झाली, हात धुतले, खांबाला टेकून बसली. ती उठलीच नाय."

यावर मी विचारलं, "पट्टी पुरी झाली होती?" अशा वेळी माणूस काय विचारेल याचा नेम नाही. "पुरी झाली," तो म्हणाला आणि रडायला लागला. जाड घोंगडी मी घेतली होती, हे मला घरी पोचल्यावर कळलं. ती माझ्या खांद्यावरच होती.

ही पट्टी म्हणजे काय, हे मुरबाड-शहापूरच्या डोंगरांतल्या आमच्या लहानशा ख्रिस्ती धर्मग्रामाबाहेर कोणाला ठाऊक नसणार. आमचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं तेव्हाची गोष्ट. रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की तरणी पोरं आंब्याखाली पत्ते कुटत बसायची, ते आमच्या जुन्या फादरांना बघवेना. त्यांनी एका रविवारी जाहीर केलं, पुढच्या आठवड्यापासून बाउलिंग. अर्धा गाव बॅट घेऊन आला. फादरांनी मात्र सुताराकडून बाटलीच्या आकाराचे दहा लाकडी खुंट करून घेतले होते आणि खैराचा एक जड गोळा. चर्चच्या मागे मुरूम घालून, चोपून, खळ्यासारखी लांब पट्टी केली, वर शाळेचे जुने पत्रे टाकले. पट्टीच्या एका टोकाला उभं राहून गोळा घरंगळवायचा आणि पलीकडचे खुंट पाडायचे, एवढाच खेळ. भात झोडून झालं की लीग सुरू व्हायची आणि ईस्टरआधीचा उपवासकाळ लागला की बंद. नाव लीग, संघ दोनच, खालचा पाडा आणि वरचा पाडा. मिस्सेला न येणारे शेजारीपाजारीही खेळायला मात्र न चुकता यायचे.

दोन नियम पहिल्याच वर्षी ठरले. एक फादरांचा. हरलेल्या संघाने पुढच्या शनिवारी पट्टी शेणाने सारवायची. पुरुष कुरकुरले, सारवण हे बायकांचं काम. फादर म्हणाले, मग हरू नका. दुसरा नियम बायकांनी करून घेतला आणि त्यात पुढे होती मार्था. ती वरच्या पाड्याची लेक, माझ्याशी लग्न करून खालच्या पाड्यात आलेली. सगळ्यांसमोर उभी राहून म्हणाली, "फादर, लग्न झालेल्या बाया मायेरकडनं खेळतील. आठवड्यातनं एक दिस तरी मायेरच्या नावानं उभं राहू द्या." मी तेव्हा नवा शिक्षक, गावात नुकतं कोणी गुरुजी म्हणू लागलेलं. माझी बायको माझ्याविरुद्ध खेळणार म्हटल्यावर लोक माझ्याकडे बघून हसले. मला राग आला होता आणि तिचा अभिमानही वाटला होता, दोन्ही एकदम.

तेव्हापासून दर रविवारी आम्ही घरून एकत्र निघायचो, मिस्सेला एका बाकावर बसायचो आणि मिस्सा संपली की चर्चच्या मागच्या फाटकाशी वेगळे व्हायचो. ती पदर खोचायची आणि मागे वळूनही न बघता भावाकडे जायची. ती डावखुरी. तिचा गोळा उलट्या बाजूने यायचा आणि आमच्या लोकांना तो शेवटपर्यंत कळला नाही. संध्याकाळी भाकरी वाढताना मला विचारायची, "आज दमलाव ना फार?" ती जिंकलेली असली की हा प्रश्न, हरलेली असली की भाकरी नुसती ताटात पडायची. आम्हाला मूलबाळ झालं नाही. ते दुःख आमच्या घरात होतं, नव्हतं असं कोण म्हणेल... पण रविवार आला की घर भरल्यासारखं वाटायचं, हेही खरं.

सारवायला मला तिनेच शिकवलं. पहिल्यांदा हरलो तेव्हा मी बादली घेऊन पट्टीवर बसलो आणि पुढे पुढे सारवत निघालो. ती फाटकाशी उभी राहून बघत होती. शेवटी तिला राहवलं नाही. "अवो, मागं मागं सरा. पुढं गेलाव तर आपल्याच कामावर पाय पडंल." सारवणावर बोटांच्या कमानी उठतात, त्या प्रत्येकाच्या वेगळ्या. पण मार्थाची पट्टी कोणीही लांबून ओळखायचं, कारण सगळ्यांच्या कमानी एका बाजूला वळायच्या आणि तिच्या दुसऱ्या. एका सरळ रेघेत, एकीला एक लागून. बाकीची मंडळी कडा धरायची, मधल्या पट्टीला ती कोणाला हात लावू द्यायची नाही.

तिला माती दिली, त्यानंतर पट्टीकडे कोणी फिरकलं नाही. मी मात्र रोज जायचो. पत्र्याखाली बसायचो, समोर तिच्या कमानी. पहिले काही दिवस शेणाचा ओला वास होता, मग तोही गेला. धूळ बसली, कडेला बारीक भेगा पडल्या. तिच्या नावाने महिन्याची मिस्सा झाली तेव्हा पास्कू माझ्याजवळ आला. उपवासकाळ तोंडावर होता, एकच रविवार उरला होता. म्हणाला, "भावजी, तिचा डाव राहिलाय. तिनं पट्टी केली ती खेळायसाठीच ना?" मला नाही म्हणायचं होतं. तोंडून हो गेलं.

तो रविवार मी विसरणार नाही. हरलेल्याने सारवायचं, म्हणजे जो हरेल त्याच्या हातून मार्थाचा हात पुसला जाणार. हे प्रत्येकाला ठाऊक होतं. वरच्या पाड्याने तिच्या जागी कोणाला घेतलं नाही. तिची पाळी आली की पास्कू गोळा रेघेवर ठेवायचा, क्षणभर थांबायचा आणि उचलून पुढच्याच्या हातात द्यायचा. एक माणूस कमी असूनही ते आमच्या बरोबरीने चालले होते. शेवटचा गोळा माझा होता. मी रेघेवर उभा राहिलो, समोर त्या उलट्या कमानी, आणि डोळे असे भरले की खुंट दिसेनात. गोळा पट्टी सोडून मातीत गेला. मी मुद्दाम हरलो, असं पास्कूला वाटतं. नाही. मला जिंकायचं होतं, जीव तोडून जिंकायचं होतं. मार्था, तू जिंकलीस गो.

शनिवारी आमच्या संघातले सगळे आले. मी त्यांना कडा दिल्या आणि मधल्या पट्टीला बसलो. खुंटांच्या बाजूने सुरुवात केली, मागं मागं सरत. एक हात फिरला की तिची एक कमान जात होती. मी रडत होतो आणि सारवत होतो, कोणी मला उठवायला आलं नाही, हे बरं केलं. अर्ध्यावर कंबर धरली, तरी थांबलो नाही. गोळा टाकायच्या रेघेपाशी पोचलो तेव्हा तिच्या शेवटच्या चार-पाच कमानी उरल्या होत्या. ती इथूनच उठली असणार, इथूनच हात धुवायला गेली असणार.

मी बादली उजवीकडून उचलून डावीकडे ठेवली. उरलेलं डाव्या हाताने सारवलं. वाकडंतिकडं झालं, शेण एका जागी जाड बसलं, एका जागी लागलंच नाही. तिने पाहिलं असतं तर पदर खोचून खाली बसली असती आणि मला बाजूला सारलं असतं. मी थोडा वेळ वाट बघितली. मग खांबाला धरून उठलो आणि हात धुवायला गेलो.