मॅनेजरच्या केबिनमधला मॉनिटर

मी खोटं बोलतो हे आमच्या पाव्हण्यारावळ्यांत सगळ्यांना माहीत आहे, आणि त्याचं कुणाला वाईटही वाटत नाही. महाबळेश्वरच्या एका हॉटेलवाल्याचा कॉम्प्युटर पावसाळ्यात बंद पडला, मी जाऊन डबा उघडला तर आत बेडकीण पिल्लं घेऊन बसली होती, ही गोष्ट मी निदान चाळीस लग्नांत सांगितली असेल. पहिल्या लग्नात बेडकीण एकटीच होती. पिल्लं नंतर झाली. लोक हसतात, परत सांगायला लावतात, वाढपी माझ्या पानात जिलेबी जास्त टाकतो. असल्या खोट्यानं कुणाचं काही जात नाही. पण एक खोटं मी सख्ख्या भाचीशी बोललो. ते अगदी एवढंसं होतं, त्याला ना शेपूट लावलं ना शिंगं, आणि तेच अजून घशाखाली उतरत नाही.

भाची म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीची लेक. आम्ही मूळचे कवठे महांकाळकडचे, मेंढरांमागं फिरणाऱ्या घरातले. तिकडं पाऊस इतका कमी की ढग आला तर लोक त्याला चहा विचारतात. मी चार बुकं शिकून साताऱ्यात एका शाळेच्या कॉम्प्युटरच्या खोलीत मदतनीस म्हणून चिकटलो, आणि तेवढ्यावर सगळ्या भावकीचा इंजिनिअर झालो. भाची पुण्यात कुठल्याशा कंपनीत दिवसभर आकडे भरायची. ती नोकरी सुटली तशी गावाकडं आली आणि म्हणाली, आता दुसऱ्याचे आकडे भरणार नाही. तालुक्याला एसटी स्टँडजवळ एक गाळा धरला. लग्नपत्रिका, वाढदिवसाचे बोर्ड, जत्रेचे बोर्ड, म्हणजे ज्या फ्लेक्सला आमच्याकडं नुसतं 'डिजिटल' म्हणतात, ते करायचं. मोबाईलवर बघून बघून सगळं शिकली होती. हात चांगला होता तिचा.

"मामा, नवं मशीन आपल्याला झेपायचं न्हाई," ती म्हणाली. "जुन्यापान्यातनं तुमी जमवून द्या. पर रंग नीट दिसाय पायजेत. माझं सगळं काम रंगाचं हाय."

हे शेवटचं वाक्य मी ऐकलं होतं. ऐकलं नव्हतं असं म्हणायची सोय मी नंतर बरेच दिवस शोधली, सापडली नाही.

त्याच सुमाराला साताऱ्यातल्या एका पतसंस्थेनं आपली एक शाखा गुंडाळली आणि तिथलं सामान विकायला काढलं. मी तिथं पोचलो. दोन डबे, तीन कीबोर्ड, त्यातल्या एकात निदान चार माणसांची भेळ, वायरींचं एक वारूळ, आणि दोन मॉनिटर. चौकोनी, एकोणीस इंची, एकाच कंपनीचे, जुळे भाऊ. शिपाई म्हणाला, "ह्यो मॅनेजरसायबाच्या केबिनमधला. कव्हर काढलेलं आमी कवा बघितलं न्हाई. आन ह्यो कॅश काउंटरवरचा. धा वर्सं सकाळपास्नं संध्याकाळपर्यंत चालू, वर खिडकीचं ऊन."

घरी येऊन दोन डब्यांचा एक डबा केला. ह्याची रॅम काढून त्याच्यात घातली, नवी एसएसडी तेवढी विकत आणली, पंख्यातली धूळ काढली तर ती एवढी निघाली की बायको म्हणाली, अंगण सारवायला पुरेल. मशीन असं पळायला लागलं की चालू करायला बोट न्यावं तोवर चालू. मग दोन्ही मॉनिटर लावून नुसतं कोरं पांढरं पान उघडलं. एक दुधासारखा. दुसरा त्याच दुधात हळद घातल्यासारखा. खालची बटणं दाबून दाबून बोटाला घट्टा पडला, पण पिवळेपणा हटला नाही. आतला दिवाच म्हातारा झाला होता.

आता इथं सरळ माणसानं काय केलं असतं ते सगळ्यांना कळतंय, मलाही कळत होतं. मी दुधाचा मॉनिटर माझ्या खोलीत ठेवला. मला रात्री जेवून कुस्त्या बघायची सवय. मनाशी म्हटलं, पोरगी काय, निम्मा वेळ अर्जच भरणार, सातबारे काढणार. पिवळ्यावर काळं काय आणि पांढऱ्यावर काळं काय.

आणि हळदीचा मॉनिटर घेऊन मी मानानं कवठे महांकाळला गेलो. गाळ्यात नारळ फोडला. शेजारचा चहावाला, पंक्चरवाला, दोन बाया, अशी पंधरावीस माणसं जमली होती. माणसं दिसली की माझ्या जिभेला पाय फुटतात. मी मॉनिटरवर हात ठेवून म्हणालो, "हा मॅनेजरच्या केबिनमधला. दहा वर्षं कव्हरखाली होता. नवासुद्धा असा मिळायचा नाही. ह्याला हात लावायचा तर आधी हात धुवायचे."

भाची खरंच उठली आणि माठातल्या पाण्यानं हात धुऊन आली. बहिणीनं त्या दिवशी मला मटणाचं जेवण घातलं आणि नळी माझ्या ताटात आहे का ते दोनदा बघितलं.

चैत्र जवळ आला तसं तिला पहिलं मोठं काम मिळालं. गावच्या बिरोबाच्या जत्रेचं डिजिटल. कमानीशेजारी लावायचं, चांगलं भिंतीएवढं. पंचांनी तिला सांगितलं होतं, ढोल पाहिजे, गजीनाच पाहिजे, आणि भंडारा असा उधळलेला पाहिजे की बघणाऱ्यानं डोळं चोळावं. हे जमलं तर आसपासच्या दहा गावांच्या जत्रा तिच्याकडं येणार होत्या, आणि फसलं तर गाळा धरून ठेवण्यात अर्थ नव्हता. तिनं चार दिवस त्यावर मान मोडली. एका दुपारी शाळेत फोन आला.

"मामा, एक इचारू? पडद्यावर भंडारा झकास दिसतुया. पर तीच फाईल मोबाईलवर घेतली की फिक्का पडतुया, पार पांढरा. कुठलं खरं मानू?"

मी उभाच राहिलो. कारण मला ताबडतोब कळलं. पडदाच पिवळा, म्हणून तिला रंग जास्त वाटत होता आणि ती तो कमी कमी करत चालली होती. एका वाक्यात सांगता आलं असतं. पण त्या वाक्याच्या मागं मॅनेजर होता, केबिन होती, कव्हर होतं, धुतलेले हात होते.

"मोबाईल खोटं दाखवतोय गं," मी म्हणालो. "एवढ्याशा मोबाईलला रंगातलं काय कळतंय. ज्याच्यावर काम करतीस त्याच्यावर विश्वास ठेव."

"बरं. तुमी म्हणताय मंजी झालं," ती म्हणाली आणि मोकळ्या मनानं फाईल सांगलीच्या छापखान्याला धाडून दिली.

जत्रेला मी गेलो. न जाऊन कसं चालेल, मामा मिरवणार की. डिजिटल सकाळीच बांधलं होतं. अक्षरं सुरेख, ढोल सुरेख, नाचणाऱ्याचा फेटा असा की वारा आला तर सुटेल. आणि त्या सगळ्यांवर भंडारा म्हणून जे उधळलं होतं, ते ज्वारीचं पीठ. फिकट, पांढुरकं, चाळणीतनं पडल्यासारखं. खाली खराखुरा भंडारा उधळला जात होता, माणसं, मेंढरं, ढोल, सगळं पिवळंधमक, आणि त्यामुळं वरचं पीठ आणखीच पीठ दिसत होतं.

"ह्यो गिरणीचा बोर्ड हितं कुणी बांधला रं?" एक जण म्हणाला.

"खाली 'दळून मिळंल' लिवायचं ऱ्हायलं गड्या."

"न्हाई, त्यात मिरच्या कांडप पण घाल."

पंच म्हातारे, गावाचे आबा. ते हसले नाहीत. भाचीला म्हणाले, "पोरी, भंडारा हाय त्यो देवाचा. तुज्या घरात रोज देव्हाऱ्यात असतोय. त्याचा रंग तुला ठावं न्हाई?"

ती वर बघत राहिली. मग मोबाईल काढून त्यात बघितलं, परत वर बघितलं. माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "पडदा तर मॅनेजरचा, झकास. मंजी माझ्या नजरंतच खोट हाय मामा. मला दिसलाच न्हाई."

चाळीस लग्नांत बोलणारा माणूस मी. त्या वेळी माझ्या तोंडातनं काय निघालं, तर, "छापखान्यानं शाई कमी घातली असंल." छापखान्यातल्या बिचाऱ्यांचं काय चुकलं होतं. त्यांनी तिला फोनवर सांगितलंच, ताई, फाईलच तशी आली.

पुढं ती एकटी मिरजेला डोळ्यांच्या डॉक्टरकडं गेली. त्यांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढं धरलं, तिनं सगळे आकडे बरोबर वाचले. डोळे उत्तम आहेत म्हणाले. हे ऐकून तिला बरं वाटायला हवं होतं. तिनं काढलेला अर्थ बहिणीनं मला फोनवर सांगितला.

"डोळं चांगलं हायत तर मग अक्कल कमी हाय म्हणती. पत्रिकांची कामं घ्यायची बंद केलीया. प्रिंटरच्या एवढ्या रंगाच्या डब्या विकत आणलेल्या, त्या बी परत दिल्या. मशीन विकायचं म्हणतीया. तुज्या हातचं हाय म्हणून आदी तुला इचारा म्हणाली." थोडं थांबून बहीण म्हणाली, "तू समजाव रं. तुजं आयकती ती."

माझं ऐकते, हेच तर झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मी माझ्या खोलीतला मॉनिटर काढला, गोधडीत बांधला आणि एसटीत मांडीवर घेऊन बसलो. कराडच्या पुढं शेजारच्या माणसानं विचारलं, काय हाय ह्यात. एरवी मी त्याला तासगावपर्यंत पुरेल अशी गोष्ट दिली असती. "मॉनिटर हाय," म्हणालो आणि खिडकीबाहेर बघत बसलो. वाटेत तीनदा वाटलं, सांगावं की नवीन आणलाय, भेट म्हणून. ही गोष्ट तयारही झाली होती, चांगली होती, बहिणीला रडवलं असतं.

गाळ्यात पोचलो तेव्हा भाची कुणाचा तरी पीक विम्याचा अर्ज भरत होती. तो माणूस जाईस्तोवर मी थांबलो. डब्याला मागं दोन मॉनिटरांची सोय होती, दुसरा जोडला आणि तिला म्हटलं, जत्रेची फाईल उघड.

दोन्ही पडद्यांवर तोच ढोल, तोच फेटा. डावीकडं भंडारा. उजवीकडं पीठ.

तिनं खुर्ची मागं सरकवून दोन्हींकडं बघितलं. मग मोबाईलवर तीच फाईल काढून तिनं तो दोघांच्या मधे धरला. मोबाईल उजवीकडच्या भावासारखा होता.

"ह्यो कुठला?" तिनं विचारलं.

"माझ्या घरचा."

"कवापास्नं हाय?"

"दोन्ही एकाच दिवशी आणले."

"मंजी मॅनेजरचा…"

"हा. उजवीकडचा."

"आन मी फोन केला, तवा?"

"तवा मला माहीत हुतं."

बाहेर स्टँडवर एसटी मागं घेत होते, कंडक्टर शिट्टी मारत होता. ती शिट्टी थांबेपर्यंत ती थांबली आणि म्हणाली, "मी मिरजंला जाऊन आले मामा." एवढंच. रागावली असती, पाया पडायला लावलं असतं तरी चाललं असतं. तिनं मोबाईल खाली ठेवला, गाळ्याचं शटर ओढलं आणि म्हणाली, "चला. आबांच्या म्होरं सांगा."

गावात आबा पारावर बसले होते, सोबत जत्रा कमिटीची चारपाच माणसं. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. दोन मॉनिटर, दूध, हळद, कव्हर, फोन. काही वाढवलं नाही, उलट सांगताना एक शब्द जास्त गेला तरी मी तो परत घेत होतो. पोरीचा रंग चुकला नव्हता, मी तिला आंधळं केलं होतं, असंही म्हणालो.

माणसं एकमेकांकडं बघून हसायला लागली.

"काय जुळवलंय पर," एक जण म्हणाला. "मॅनेजर, काउंटर, वरनं ऊन. तुमच्या गोष्टी आमी आयकल्यात की पावणं."

"खरं हाय हे," मी म्हणालो.

"असू द्या, असू द्या. भाचीवरचं किटाळ सोताच्या अंगावर घेतलंसा. मामा असावा तर असा."

"आबा, खरं हाय. दोन्ही पडदं गाळ्यात लावल्यात," भाची म्हणाली.

"आगं, आसतील की. मामानं आणल्यात, तर लावलं असतील बेतानं." आबांनी मला हाताला धरून शेजारी बसवलं, चहा मागवला. "ह्यांच्याकडं बघून पुढल्या जत्रंचं काम बी हिलाच देऊ. पर एक करा पावणं. रंग बघायला तेवढं तुमी येऊन बसा. तुमच्या नजरंला पटलं की छापायचं."

माझ्या हातात कप होता. मी तिच्याकडं बघितलं नाही.

"न्हाई आबा," भाची म्हणाली. "रंग मीच बघणार. पटत नसलं तर तुमी या गाळ्यात, तुमच्यासमोर करते. मामा साताऱ्याला जाणार हायत." आणि ती चहा न घेता पाराची पायरी उतरली.

"पोरगी रागावली व्हय तुमच्यावर?" आबा मला म्हणाले. "एवढं केलंसा तिच्यासाठी."

"तिचं बरोबर हाय," मी म्हणालो. "माझंच चुकलंय."

त्यावर सगळ्यांनी माना हलवल्या, काय मोठ्या मनाचा माणूस म्हणून. मी उठायला गेलो तर कुणीतरी खाली दाबलं, कुणीतरी समोरच्या दुकानातनं टॉवेल-टोपी आणायला पळालं. भाची तोवर रस्त्याला लागली होती आणि मी तिथं, डोक्यावर टोपी घालून घ्यायला, मान खाली करून बसलो होतो.