आधी पाणी

"प्रेत दाखवलं का? नाय ना? मग येतोय परत."

आमच्या इमारतीच्या फाटकाशी हार विकणारी ती हे वाक्य सुईत दोरा ओवता ओवता म्हणायची. विषय मालिकांचा. दरीत पडलेला नवरा असो की पुरात वाहून गेलेली सासू, प्रेत पडद्यावर दिसेपर्यंत ती मरण मान्य करत नसे. आणि तिचं कधी चुकलं नाही. अशी जाणकार माणसं तुमच्याही गल्लीत असतील. आमच्याकडे, द्वारका चौकाच्या अलीकडे, मालिका बघत नाही असं सांगणारे सुशिक्षित पुष्कळ. हार घेताना 'तो परत येईल का गं?' असं हळूच विचारणारेही तेच.

दिंडोरी रस्त्याला तिच्या घरचा फुलांचा मळा. भाऊ फुलं पिकवायचा, ती विकायची, आणि तिचे वडील, आण्णा, मागे प्लास्टिकच्या खुर्चीत बसून झेंडूचे देठ खुडायचे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मोबाइल फुलांच्या पाटीला टेकवून दोघं मालिका लावत. ती पात्रांना झापायची, आण्णा पात्रांची बाजू घ्यायचे.

एका भागात बुडून मेलेला बाप दारात येऊन उभा राहिला. कॅमेऱ्याने त्याचा चेहरा तीन बाजूंनी दाखवला. मुलगी आत पळाली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"येडी हाय का ही? आधी विचार ना, इतके दिवस होता कुठं."

"उन्हातून आलेल्याला आधी पाणी द्यायचं असतं, बाई," आण्णा म्हणाले.

"तुम्ही नका शिकवू. चार्जिंग जातंय फुकट." तिने मोबाइल बंद केला.

"पुढचं तर बघू दे."

"उद्या बघू."

उद्या गुरुवार होता, हारांची गर्दी. मग सण आले. तो भाग राहिला, आणि सण सरल्यावर एका सकाळी आण्णा झोपेतून उठलेच नाहीत.

आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांना माइक आवडतो. त्यांनी फाटकाशी शोकसभा घेतली. गुडघे दुखतात म्हणून बसूनच बोलले. ही पोकळी भरून निघणार नाही, असं दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "साहेब, भरलीय तुम्ही. ती आण्णांची खुर्ची हाय." उरलेलं भाषण अध्यक्षांनी उभ्याने केलं. ते बरंच लहान झालं.

बायका समजूत घालायला आल्या. "आण्णा इथंच असतील गं, आसपास."

"नाय. प्रेत बघितलंय मी," ती म्हणाली आणि देठ खुडायला लागली. ते कामही आता तिचंच होतं.

मालिका बंद झाल्या. कोण परत येणार, हे आम्हीही विचारेनासे झालो.

मग एका दुपारी मी दूर्वा घ्यायला गेलो, तर मोबाइल पुन्हा पाटीला टेकवलेला. तोंड मात्र रिकाम्या खुर्चीकडे. ती बाजूला मान वाकडी करून बसली होती. पडद्यावर तेच दार.

"हा भाग कशाला बघतेस? त्रास होईल."

"होऊ दे. काका, आण्णा पुढचं बघू दे म्हणाले होते, मी बंद केला. आज शेवटपर्यंत बघणार. गिऱ्हाईक आलं तर तेवढं थांबवा."

मी महाविद्यालयात बरीच वर्षं शिकवलेला माणूस. हार घ्यायला आलेल्या एका गृहस्थाला 'जरा थांबा, बाप परत आलाय' असं सांगत फुटपाथवर उभा राहिलो. तो थांबला. त्यालाही बघायचं होतं.

दार उघडलं. तीन बाजूंनी चेहरा दाखवून झाला. मुलगी आत पळाली. हारवालीने या वेळी तिला झापलं नाही. जाहिराती लागल्या, त्याही तिने तशाच बघितल्या. मग बाप घटाघटा पाणी प्यायला. इतके दिवस कुठे होतात, हे मुलीने विचारलंच नाही. रिकामा तांब्या हातात घेऊन ती एवढंच म्हणाली, "अजून देऊ?"

भाग संपला. तिने पदराने तोंड पुसलं आणि मोबाइल बंद केला.

"बरोबर होतं तुमचं," ती म्हणाली. माझ्याकडे बघून नाही.

मग उठून थांबलेल्या गृहस्थाकडे वळली. ऊन चांगलंच चढलं होतं. तो हारांकडे बोट दाखवत होता. त्याला काय हवं हे विचारायच्या आधी तिने खुर्चीखालचा तांब्या काढला, पेला भरला आणि त्याच्यापुढे धरला.